दहाव्या प्रश्नाचे दोन गुण

मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले आणि मी दोन दिवस धड जेवलो नाही.

अडुसष्टाव्या वर्षी माणसाने कशाचं दुःख करावं याला काही धरबंध असावा, हे मला कळतं. पण चौतीस वर्षं मी डोंबिवली पूर्वेला 'खांबेटे क्लासेस' चालवले, आणि त्या चौतीस वर्षांत गुण कापणारा हात नेहमी माझा होता. दुसऱ्या कुणी माझ्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईची रेघ ओढावी हा अनुभव मला नवा होता. तो मला मुळीच आवडला नाही.

परीक्षा होती बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाची. मी, विश्राम खांबेटे, ख्रिस्ती नाही. देवधर्मात माझी मजल गणपतीच्या आरतीला टाळ वाजवण्यापुरती. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहत बसलो असताना समोर एक पत्रक दिसलं : शुभवर्तमानाचे मुख्य विषय समजून घ्या, पत्राने बारा धडे, मोफत, शेवटी प्रमाणपत्र. मोफत आणि प्रमाणपत्र हे दोन शब्द जवळ आले की माझा तोल जातो. क्लास बंद केल्यापासून मी अशी अकरा प्रमाणपत्रं जमवली आहेत. योग, मोडी लिपी, प्रथमोपचार, मधमाशीपालन. मधमाशीपालनाचं मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, तेव्हा हेमांगीने, म्हणजे आमच्या हिने, "मधमाशा कुठायत?" एवढंच विचारलं होतं.

अभ्यास मी माझ्या पद्धतीने केला. जगातला कुठलाही धडा सहा मुद्द्यांत बसतो, ही माझ्या क्लासची पद्धत. लूक मला पहिल्या पानालाच पटला, कारण सगळी नीट चौकशी करून मी हे क्रमवार लिहितो आहे, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. शिस्तीचा माणूस. त्याचे सहा मुद्दे मी सहा रंगांच्या स्केचपेनांनी तक्त्यावर काढले : हरवलेल्यांचा शोध, गोरगरिबांचा कैवार, नको असलेल्या माणसांबरोबर जेवण, शेवटच्याने पुढे येणं, प्रार्थना आणि क्षमा. क्षमेला गुलाबी रंग मिळाला, कारण तोवर बाकीची पेनं संपली होती. तक्ता फ्रिजशेजारी लावला. हेमांगी येता-जाता तो वाचायची.

काही गोष्टी मला खटकल्या, नाही असं नाही. शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून नव्याण्णव रानात सोडून त्याच्या मागे जाणारा मेंढपाळ मी क्लासवर एक दिवसही ठेवला नसता. आणि बोलावलेल्या ठिकाणी मागच्या जागेवर जाऊन बसावं, म्हणजे यजमान आपल्याला पुढे बोलावतो, हा सल्ला मी सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रत्यक्ष करून पाहिला. शेवटच्या रांगेत, पंख्यापासून लांब, दोन तास बसलो. कुणीही पुढे बोलावलं नाही. तक्त्यावर मी त्या मुद्द्यापुढे छोटं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

पंधराव्या अध्यायात मात्र मी जरा सावकाश शिरलो. त्यात एक धाकटा मुलगा घर सोडून जातो, आणि मलाही एकच मुलगा आहे आणि तोही गेलेला आहे.

अद्वय. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तो दर्शनाला घेऊन जेवायला आला. दर्शना कल्याणची, वडील रेल्वेत, घर बौद्ध. हसरी, हुशार मुलगी, अद्वयच्याच ऑफिसातली. हेमांगीने श्रीखंड केलं होतं. वाढून झालं, दोन घास झाले, आणि अद्वय म्हणाला की आम्ही शुक्रवारी रजिस्टर लग्न केलं, तुम्ही आधी नाही म्हणाल याची भीती वाटली म्हणून सांगितलं नाही. मी भरल्या ताटावरून उठलो. ज्या घरात 'भरल्या ताटावरून उठू नये' हे मीच मुलाला चापट मारून शिकवलं होतं, त्या घरात मी उठलो, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर दर्शनाचं ताट तसंच राहिलं, हे मला हेमांगीने नंतर सांगितलं.

जातीला माझा विरोध नव्हता, हे मी तेव्हा सर्वांना सांगत होतो. समतेवर मी कितीतरी निबंध लिहून दिले आहेत, मुलांना त्यावर बक्षिसंही मिळाली आहेत. माझा विरोध होता तो मला न विचारण्याला. अद्वयने आमच्यातलीच एखादी मुलगी अशीच न विचारता आणली असती, तर मी उठलो असतो का? हा प्रश्न मी ऐच्छिक ठेवला आणि सोडवला नाही.

अद्वयला मी निरोप धाडला : माफी माग, आणि लेखी माग. क्लासवर हीच पद्धत होती. वर्गात गोंधळ घालणाऱ्याने माफीपत्र आणायचं, त्याशिवाय बाकावर बसायचं नाही. दहा दिवसांनी त्याचं दोन पानी पत्र आलं. आता जे सांगतो ते सांगताना आजही माझे कान गरम होतात. मी ते पत्र तपासलं. लाल पेनाने. 'पश्चात्ताप अपुरा. कारणे पटत नाहीत. दहापैकी चार. पुन्हा लिहा.' आणि पोचपावतीसह रजिस्टर टपालाने परत पाठवलं. पोच आली, तिच्यावर दर्शनाची सही होती. ती मी फाइलला लावली. पुन्हा लिहिलेलं पत्र आलं नाही, आणि मी तीन वर्षं त्याची वाट पाहत होतो.

हेमांगीने वाट पाहिली नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती सकाळी डबा भरायची, "मी जाऊन येते" म्हणायची आणि ठाण्याला घोडबंदर रोडवर अद्वयच्या फ्लॅटवर जायची. कुठे, ते ती सांगत नसे आणि मी विचारत नसे. संध्याकाळी दुसराच डबा यायचा, झाकणावर दर्शनाच्या आईचं, रंभाबाईंचं नाव कोरलेला. रिकामा डबा परत पाठवू नये म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी असायची. ती मी भाकरीबरोबर सगळी खायचो आणि वर "दहापैकी सात, मीठ कमी आहे" असं म्हणायचो. एवढाच आमचा सुनेशी संबंध होता.

तर, परीक्षा. नववा प्रश्न होता : घरी परतल्यावर धाकटा मुलगा वडिलांना काय म्हणाला? इथे माझी चौतीस वर्षांची नजर कामी आली. वाटणीचे पैसे उधळून परदेशात डुकरं राखायची वेळ आली तेव्हा मुलाने तीन वाक्यं मनात जुळवली होती. मी चुकलो, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, आणि मला निदान गड्यासारखं ठेवा. प्रत्यक्षात बापासमोर त्याने दोनच म्हटली. तिसरं गाळलं. मी उत्तरात हे नोंदवलं आणि खाली लिहिलं : उत्तर अपूर्ण, पाठांतर कच्चे. दहावा प्रश्न होता : हा धडा वाचून तुम्ही या आठवड्यात काय कराल? मी लिहिलं : लागू नाही.

गुण कापले होते ते तिथे. दोन.

मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज तयार केला. सात मुद्दे, टाइप करून, दोन प्रती. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, परीक्षार्थीच्या खाजगी आयुष्याशी परीक्षकाचा संबंध नाही, 'लागू नाही' हेदेखील उत्तर आहे, वगैरे. शनिवारी हेमांगी डबा घेऊन निघाल्यावर तासाभराने मीही निघालो. तिला सांगितलं नाही. आमच्या घरात न सांगता ठाण्याला जायची प्रथाच पडली होती.

पत्त्यावरचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर निघालं. एक खोली, दोन कपाटं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि टेबलाशी माझ्याच वयाच्या एक बाई मटार सोलत बसलेल्या. माया रणभिसे. मराठी ख्रिस्ती, ठाण्यातच जन्मलेल्या, निवृत्त नर्स. पेपर त्याच तपासायच्या.

"या सर, बसा. अठ्ठ्याण्णववाले ना तुम्ही? अक्षर काय सुंदर आहे हो."

मी बसलो आणि अर्ज पुढे केला. त्यांनी वरची ओळ वाचली, ओले हात पदराला पुसले, गठ्ठ्यातून माझी उत्तरपत्रिका काढली, अठ्ठ्याण्णववर काट मारली आणि शंभर लिहून सही केली.

"झालं. चहा घेणार?"

"अहो, असे कसे देता?"

"तुम्हाला हवेत म्हणून आलात ना एवढ्या लांबून?"

"पण माझे मुद्दे तरी वाचा. सात आहेत."

"नको. दिले म्हणजे दिले."

मला चक्क राग आला. "फुकटचे गुण मला नकोत, बाई. मी चौतीस वर्षांत एकाही मुलाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही."

"हो का," शेंग सोलत त्या म्हणाल्या. "मग मुलं येतात का नंतर भेटायला?"

"येतात की," मी म्हणालो. हे खोटं होतं. गेल्या दिवाळीला एक आला होता, तो विमा विकायला.

त्यांनी माझी उत्तरपत्रिका माझ्याकडे वळवली. "मला खरं तर या नवव्याबद्दल विचारायचं होतं. इतकी वर्षं पेपर तपासते, पण तीन वाक्यांतली दोनच म्हटली हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. फक्त तुमच्या आलं." मी ताठ झालो. "पण सर, 'पाठांतर कच्चे' का म्हणालात?"

"मग? तिसरं वाक्य विसरला तो."

"विसरेल कसा? उपाशीपोटी घोकत आला होता बिचारा. बापाने बोलूच दिलं नाही त्याला. हा आपला माफी मागतोय, आणि बाप मध्येच ओरडतोय की कपडे आणा, जोडे आणा, जेवायचं बघा. लांबून दिसला तेव्हाच पळत सुटला होता म्हातारा. त्याला काय पोराची माफी तपासायची होती?"

बाईंना माझ्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. 'तपासायची' हा शब्द त्यांनी सहज वापरला. पण फाइलमधली ती पोचपावती मला लख्ख दिसली. खालच्या वर्कशॉपमध्ये काहीतरी कापत होते.

"मला एक मुलगा आहे," मी म्हणालो.

मायाबाईंचा हात थांबला. "कुठे असतो?"

"इथेच. घोडबंदरला."

"म्हणजे अर्ध्या तासावर."

"ट्रॅफिक नसेल तर."

"तो असणारच," त्या म्हणाल्या आणि माझी उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली. "दहावा पुन्हा लिहावासा वाटला तर लिहून टपालाने पाठवा. निघा सर. चहा पुढच्या वेळी."

रिक्षात बसल्यावर मला आधी फार उदात्त वाटलं. मी तो म्हातारा बाप, मुलाकडे धावत निघालेला. अद्वय माझ्या गळ्यात पडून रडतो आहे असंही एक दृश्य मी रंगवलं, त्यात माझा संवाद चांगला होता. माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षा वीस मिनिटं जागची हलली नाही, तेव्हा मी उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे काय बोलायचं ते लिहायला घेतलं. तीन वाक्यं झाली. मग माझ्या लक्षात आलं की त्या गोष्टीत बाप काहीच लिहून आणत नाही. घोकत येतो तो धाकटा. म्हणजे तीन वर्षं मी स्वतःला जी भूमिका दिली होती ती मुळात माझी नव्हती, आणि हे शंभरपैकी शंभर मिळाल्यावर कळत होतं.

पहिली दोन वाक्यं सोपी होती. माझं चुकलं. तुझं पत्र मी तपासायला नको होतं. तिसरं मी दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा अक्षर सुंदर आलं नाही.

कापूरबावडीच्या पुढे मी रिक्षा सोडली आणि उन्हात चालत सुटलो. अद्वयच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. वॉचमनने मोबाइल पुढे धरला.

"किधर जाना है, काका?"

"अकराशे चार."

"डिलिव्हरी, गेस्ट, या फॅमिली?"

"फॅमिली."

त्याने बोटाने यादी खाली सरकवली. "फॅमिली में तो हेमांगी आंटी का नाम है. आपका नहीं है. गेस्ट डालता हूँ."

"घाल," मी म्हणालो. त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्याने वर फोन लावला, माझं नाव सांगितलं. मी खिशातला कागद काढून एकदा नजरेखालून घातला. मान वर केली तर लिफ्टच्या दारातून अद्वय पळत येत होता. अनवाणी. उजवा हात पुढे धरलेला, बोटांना वरणभात लागलेला. मुलाचे केस पिकायला लागले आहेत, हे मला माहीत नव्हतं.

"बाबा! काय झालं? बरं वाटत नाही का? आई वरच आहे."

"मी ठीक आहे. अद्वय, माझं चुकलं. तुझं ते पत्र मी—"

"वर चला आधी. चालत आलात? ह्या उन्हात?"

"मला तीन वाक्यं बोलायचीयत."

"वर बोला ना. चला." त्याने डाव्या हाताने माझं कोपर धरलं. मला त्या उष्ट्या हातावरून नजर काढता येईना.

"भरल्या ताटावरून उठून आलास?"

"मग काय, हात धुवत बसू?" तो म्हणाला.

लिफ्टमध्ये मला रडू आलं. आरशात ते फार वाईट दिसत होतं.

वर टेबलावर तीन ताटं होती. हेमांगीने मला पाहिलं आणि नजर परत ताटात घातली, पण तिचा घास काही वर जाईना. दर्शना चौथं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने "या" म्हटलं, हसली नाही. ताट मांडलं, पाणी ठेवलं आणि वाढायला घेतलं.

बसावं आणि गप्प जेवावं, असा मोह मला झाला हे कबूल करतो. गोष्टीत तिसरं वाक्य म्हणावं लागत नाही. बाप वाचवतो. मुलाने मला खाली वाचवलंच होतं. पण माझं तिसरं वाक्य त्याच्यासाठी नव्हतं.

"दर्शना," मी उभ्यानेच म्हणालो, "त्या दिवशी मी ताटावरून उठलो, ते मला विचारलं नाही म्हणून नाही."

"बाबा, जाऊ द्या ना आता," अद्वय म्हणाला.

"थांब रे," दर्शना म्हणाली. पळी तिच्या हातात तशीच होती. "बोलू दे त्यांना."

"तू बौद्ध आहेस म्हणून उठलो. आणि तीन वर्षं हे मी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही."

तिने मला एका शब्दानेही मध्ये थांबवलं नाही. वाक्य संपल्यावर ते खोलीत किती वाईट वाटतं, तेही पूर्ण ऐकू दिलं.

"मला त्याच दिवशी कळलेलं," ती म्हणाली. "पत्र आलं तेव्हा मीच सही केली. वाटलेलं, बरं झालं, लांबच राहू देत. आज तुम्ही आलात म्हणून लगेच सगळं नीट झालं, असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"पण बसा. भात गार होतोय."

मी बसलो. तिने वरण-भात वाढला, भाजी वाढली, आणि रंभाबाईंच्या नावाचा डबा उघडून ताटाच्या डाव्या बाजूला चटणी घातली. मग गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आई सांगत होत्या, मागच्या महिन्यात चटणीला सात दिलेत. आज किती?"

हेमांगीने ओठ दाबले. अद्वय माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी चटणी चाखली. मीठ अजूनही कमीच होतं.

"लागू नाही," मी म्हणालो.

त्या उत्तराचे माझे एकदा दोन गुण गेले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. तरी दर्शना हसली. अगदी थोडंसं. आणि त्या दिवशी सगळ्यांचं जेवून होईपर्यंत मी ताटावरून उठलो नाही.